लोणचं न लाभणारं घर

पन्नाशीला टेकल्यावर आमच्या थोरल्या जाऊबाईंनी एक नवंच खूळ डोक्यात घेतलं. खूळ हा शब्द माझा. त्या म्हणायच्या, "शिकून रायली बाप्पा मी, तुले काय कराचं?"

झालं असं, की शहात्तर सालच्या हिवाळ्यात पंचायत समितीची एक ग्रामसेविका आमच्या अड्याळला आली आणि शाळेच्या वऱ्हांड्यात तिनं बायकांचं शिबिर भरवलं. नानखटाई भाजायची, जाम करायचा, सरबतं बाटलीत भरून वर्षभर टिकवायची. निम्म्या बायका नानखटाई फुकट खायला मिळते म्हणून गेल्या. मीही त्याचसाठी गेले, खोटं कशाला बोलू? पण आमच्या जाऊबाई, सत्यभामाबाई, सगळ्यांच्या पुढे जाऊन बसल्या आणि शिबिर संपलं तरी उठेनात. दोन्ही लेकी सासरी गेलेल्या, मुलगा नागपूरला नोकरीला. धानाची कामं आटोपली, की दुपारी घर त्यांना खायला उठायचं. मला ती अडचण नव्हती. माझी पोरं लहान होती आणि तीच मला खायला उठायची.

घरी आल्याबरोबर जाऊबाईंनी जर्मनचा जुना गंज, म्हणजे पातेलं, काढला, त्यात वैनगंगेची वाळू भरली, वाळूवर थाळी, झाकणावर जळते इंगळ, आणि झाली म्हणे भट्टी. पहिली नानखटाई आमच्या भासऱ्यांनी, म्हणजे जाऊबाईंच्या यजमानांनी, खाल्ली. पुंडलिकराव म्हणजे मोजकं बोलणारा माणूस. त्यांनी बराच वेळ ती या गालातून त्या गालात फिरवली आणि म्हणाले, "मजबूत झाली." दुसरी खेप करपली. तिसरीला मात्र घरभर असा खमंग वास सुटला, की माझी पोरं चुलीपासून हलेनात. मी टिंगल करायची थांबले. अगदी पूर्ण नाही, पण बरीचशी.

मग जाम. पेरूचा, पपईचा, भेदरांचा, म्हणजे तुमच्या टमाटरांचा. बशीत पाणी घ्यायचं, त्यात जामाचा थेंब सोडायचा. पसरला तर कच्चा, गोळी होऊन तळाशी बसला तर गंज खाली उतरवायचा. थेंब बसला, की जाऊबाईंचं तोंड असं खुलायचं, की माझ्या जिभेवर आलेलं मी गिळून टाकायचे. घरात आल्यापासून मी त्यांना कामं उरकताना पाहिलं होतं. एखादं काम आवडून करताना पहिल्यांदाच पाहत होते.

पहिली बाटली भरली तेव्हा सासूबाईंनी जाऊबाईंना सपरीत, म्हणजे ओसरीवर, बोलावलं. आमच्या सासूबाई रुखमिणीबाई पंचाहत्तरीच्या पुढच्या, पण घरात काय शिजतं त्यावर त्यांचं बाजेवरून लक्ष असे. त्यांनी वकिलासारखी उलटतपासणी घेतली.

"याच्यात मोहरी हाये?"

"नाई, माय."

"तेल?"

"नाई. नुसती साखर हाये."

"मीठ-तिखट?"

"काईच नाई जी."

"मंग हे लोणचं नोहे," सासूबाई म्हणाल्या आणि मोकळा श्वास सोडला. "कर मंग, काई हरकत नाई."

कारण आमच्या घराला लोणचं लाभत नव्हतं.

आमच्याकडे घरोघरी असं काहीतरी असतंच. कुणाकडे पापड चालत नाहीत, कुणाकडे वड्या घालत नाहीत. कधीकाळी तसल्या दिवशी घरात काही वाईट घडलेलं असतं आणि ती गोष्ट त्या घरातून कायमची उठते. सासूबाई तरुणपणी एका उन्हाळ्यात लोणचं घालायला बसल्या आणि त्याच दिवशी त्यांची पहिली लेक गेली. कौसी तिचं नाव. नुकती बोलायला लागलेली. तेव्हापासून या घरात कैरीच्या फोडीवर मोहरी पडली नाही. सासूबाई एवढंच सांगत. पुढे काही विचारलं, तर उठून गोठ्याकडे चालू लागत. मला त्याचा रागच यायचा. पोटचं पोर गेलं हे खरं, पण त्यापायी सुनांनी आणि नातवंडांनी जन्मभर आळणी जेवायचं, हा कुठला न्याय?

बरं, बंदी लोणचं घालण्याला होती, खाण्याला नव्हती. त्यातूनच सगळा अपमान व्हायचा. आमच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, आंबट कैरीचं झाड आहे. अख्खी गल्ली त्याच्या कैऱ्या नेऊन लोणचं घालायची आणि मग त्यातलंच वाटीभर आम्हाला आणून द्यायची. कैऱ्या आमच्या आणि उपकार त्यांचे! शेजारची वाटी रिकामी परत करू नये म्हणून आम्ही त्यात गुळाचा खडा घालून पाठवायचो. त्यावर शेजारच्या शकुनबाईचं ठरलेलं बोलणं, "तुमच्या घरून येते ते गोडच येते बाप्पा! तिखट-मीठ जमत नाई वाटते तुमाले." उचलली जीभ लावली टाळ्याला. मी तिला तिथल्या तिथे दोन शब्द सुनावायचे. जाऊबाई मात्र मान खाली घालून आत निघून जायच्या.

पुढच्या पावसाळ्यात रोवणा लागला. दिवसभर चिखलात वाकून धान रोवणाऱ्या बायकांना दुपारी भाताबरोबर लोणच्याची फोड लागतेच. शकुनबाईच्या वाटीतलं संपलेलं. जाऊबाईंनी मोठ्या हौसेनं भाताबरोबर पेरूचा जाम पाठवला. शेतात मीच घेऊन गेले होते. पहिल्या बाईनं चाखला, शेजारणीकडे पाहिलं, आणि मग साऱ्या बांधीत हसू पसरलं.

"मालकीणबाई, हा सत्यनारायणाचा परसाद हाये का?"

मी घरी येऊन काही सांगितलं नाही. पण बाटली भरलेली परत आली होती, आणि हाताच्या काकणाला आरसा कशाला? जाऊबाईंनी बाटली फडताळात ठेवली आणि माझ्याकडे पाठ करूनच म्हणाल्या, "पुष्पा, साखरेचं सारं जमते मले आता. पण ते पाहुण्यायसाठी. भातासंगं रोज ताटात पडंन असं माह्या हातचं काई नाई. एक बरणी लोणचं पायजे होतं व या घरात. माह्या हातचं."

मी शेतातून आणलेली भांडी घासायला घेतली.

मी त्यांच्या जागी असते तर एखाद्या दिवशी गुपचूप बरणी भरून माळ्यावर ठेवून दिली असती. जाऊबाईंना ते पटणारं नव्हतं. त्यांनी सासूबाईंच्या पायाला तेल लावता लावता सरळ विचारलं, "माय, आपल्या घरची लोणच्याची बंदी कधीच सुटणार नाई का?"

सासूबाईंनी पाय जवळ ओढून घेतला. मग म्हणाल्या, "लोणचं घालाच्या दिवशी घरात लेकरू झालं, नाई त गाय व्याली, त सुटते. जुने लोक सांगत. दिवाळी मोडलेल्या घरी दिवाळीले वासरू झालं का दिवाळी सुटते ना, तसंच."

त्यांनी हे आडकाठी म्हणून सांगितलं नाही आणि लाडानंही सांगितलं नाही. रिवाज होता, तो सांगितला.

जाऊबाईंचं लेकरू होण्याचं वय सरलं होतं. त्यांनी एकदा आशेनं माझ्याकडे पाहिलं, तेव्हा मी कोपरापासून हात जोडले. राहिली गाय. आमची तांबी गाभण होती आणि उन्हाळ्याच्या शेवटी वेणार होती, म्हणजे ऐन कैरीच्या दिवसांत. जाऊबाईंना वाटलं, देवानंच मेळ घातला.

पण मेळ घालणं आणि मेळ बसणं यात फरक आहे. गाय ज्या दिवशी वेणार, त्याच दिवशी कैरी चिरायची होती. त्यामुळे कैरी तयार हवी. गावची गुरं राखणारा तुलाराम रोज गोठ्यात येऊन तांबीची कास चाचपायचा आणि छातीवर हात ठेवून सांगायचा, "आज पक्कं जी, बाई." की जाऊबाई झाडाच्या कैऱ्या उतरवायच्या, पाण्यात टाकायच्या, एकेक कोरडी पुसायच्या आणि सरोता, म्हणजे कैरी फोडायचा मोठा अडकित्ता, पुढ्यात घेऊन बसायच्या. तांबी रवंथ करत त्यांच्याकडे बघत राहायची. दिवस मावळायचा. दोन दिवसांनी त्या कैऱ्यांना पाड लागायचा, लोणच्याला त्या बाद, मग त्यांचा जाम. पुन्हा तुलाराम, पुन्हा कैऱ्या, पुन्हा जाम. त्या उन्हाळ्यात आम्ही कैरीचा जाम खाल्ला, गुळांबा खाल्ला, कैरीचं सरबत प्यालो. भासरे ताटात पिवळं काहीतरी दिसलं, की मान खाली घालूनच म्हणायचे, "आजबी नाई व्याली वाटते."

शकुनबाई कुंपणावरून विचारायची, "काय व, गाय लोणच्यासाठी थांबली का लोणचं गायीसाठी थांबलं?"

"तुह्यासाठी थांबलं दोन्ही," मी म्हणायचे. "तू बोलाची थांबली का होईन सारं."

सासूबाई यातल्या कशातच नव्हत्या. कैऱ्यांकडे बघतही नसत. पण सकाळी सगळ्यांच्या आधी उठून त्या गोठ्यात जात आणि तांबीच्या पाठीवरून हात फिरवत उभ्या राहत, हे मी पाहिलं होतं. कशासाठी, ते मला माहीत नव्हतं. म्हाताऱ्या माणसाची सवय, असं मी धरून चालले.

शेवटी एका सकाळी तांबीनं चारा सोडला. उठायची, बसायची, मान वळवून मागे बघायची. तुलारामानं नुसतं पाहिलं आणि या खेपेला छातीवर हात न ठेवता म्हणाला, "लागली."

जाऊबाईंनी तांबीच्या कपाळाला हळदकुंकू लावलं आणि अंगणात येऊन सरोता धरला. खटाखट कैऱ्या फुटू लागल्या. मी कोया काढत होते. पोरं गोठ्याच्या दारातून ओरडून खबर देत होती. मोहरी कुटलेली होती, तेल तापवून गार केलेलं होतं, बरणी उन्हात वाळत होती. परातभर फोडी झाल्या, तेव्हा जाऊबाईंनी त्यावर मीठ आणि हळद टाकली आणि दोन्ही हातांनी चोळायला घेतलं. गुणगुणत होत्या त्या. लग्नघरात मुलीकडची बाई असते तशी त्यांची धांदल होती, आणि मला, या सगळ्याला खूळ म्हणणारीला, आतून गुदगुल्या होत होत्या. आज शकुनबाईच्या वाटीत काय जाईल, ते मी मनात ठरवूनसुद्धा टाकलं.

पोरं ओरडायची थांबली, ते आधी माझ्या लक्षात आलं नाही.

मग तुलारामाचा आवाज आला. भासऱ्यांना दोर आणायला सांगत होता. वासराचे पाय दिसत होते, पण डोकं येत नव्हतं. मान आत मागे वळली होती. आमचे हे सायकल काढून गुरांच्या डॉक्टरांना आणायला पवनीला पळाले. तुलारामानं अंगातली बंडी काढली, खांद्यापर्यंत हाताला तेल लावलं आणि झटत राहिला. तांबी असा आवाज काढत होती, की मी पोरांना घरात कोंडलं. ऊन डोक्यावर आलं. डॉक्टर काही पोचले नव्हते. मग तुलारामानं वासरू बाहेर काढलं.

कालवड होती. लालसर, अंगानं भरलेली, कपाळावर पांढरा ठिपका. सगळं होतं, श्वास तेवढा नव्हता. तुलारामानं नाकातोंडातला चिकटा काढला, तिला उलटी धरली, छाती चोळली, तोंडानं फुंकर घातली. काही झालं नाही. तांबी उठून उभी राहिली आणि तिला चाटायला लागली. चाटायची, थांबायची, ढुसणी द्यायची, परत चाटायची. तुलाराम भिंतीकडे तोंड करून बसला. भासरे गोठ्यातच थांबले.

मी आणि जाऊबाई अंगणात परत आलो. फोडींना मिठाचं पाणी सुटलं होतं. सासूबाई गोठ्यातून येऊन सपरीत बाजेवर बसल्या होत्या. आता ही म्हातारी बोलणार, आणि बोलली तर आज मी सोडणार नाही, असं मी ठरवूनच ठेवलं. सासू असली म्हणून काय झालं?

जाऊबाईंनी परात उचलली आणि मागच्या दाराकडे निघाल्या.

"सत्यभामा," सासूबाईंनी हाक मारली. "कोठी चालली?"

"उकिरड्यावर फेकाले, माय."

"काहून?"

तिथं जाऊबाईंचा बांध फुटला. "तुमी सांगत होत्या या घराले लाभत नाई, तरी मी हौस केली. रोज त्या गायीच्या मांगं लागली. मुकं जनावर, माय. माह्या लोणच्यापायी त्याचं लेकरू गेलं."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात सासूबाई बाजेवरून उठल्या. काठीसुद्धा न घेता पायऱ्या उतरून आल्या आणि जाऊबाईंच्या वाटेत उभ्या राहिल्या.

"येडी झाली का तू?" त्या खेकसल्या. "वासराची मान मांगं वळली होती. मी सोता जाऊन पायलं. तू कैऱ्या चिरल्या नसत्या त काय त्याची मान सीधी झाली असती? लोणच्यानं कोठी लेकरू मरते? चाल, मांगं ने ते. मोहरी घाल त्याच्यात."

एवढं बोलून त्या थांबल्या. हात तसाच वर राहिला. मला वाटलं त्यांना भोवळ आली, म्हणून मी धरायला पुढे झाले, पण त्यांनी माझा हात बाजूला केला आणि हळूहळू पायरीवर बसल्या. गोठ्यात तांबी हंबरत होती.

"तवा गावात हैजा आला होता," त्या म्हणाल्या. आवाज अगदी खाली गेला होता. "घरोघरची लेकरं गेली. या शकुनच्या सासूचीबी गेली. तिनं कोठी लोणचं घातलं होतं?"

सासूबाईंनी मान वर करून जाऊबाईंच्या तोंडाकडे पाहिलं. सगळ्या घराला धाकात ठेवणारी बाई, आणि नजर अशी, जणू जाऊबाई सासू आणि त्या सून.

"मंग कौसी माह्या लोणच्यानं नाई मेली ना व?"

"नाई, माय," जाऊबाई म्हणाल्या. "नाई मेली."

"कोणी सांगतलंच नाई मले."

कोण सांगणार? आम्हाला त्या बोलू देत नव्हत्या, आणि खरं तर आम्हीही कधी बसून विचारलं नव्हतं. लाभत नाही म्हटलं, की पुढचं विचारायची गरज पडत नाही.

"सकाळी माह्याजवळ आली होती," सासूबाई सांगू लागल्या. कुणाला, ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. "मले घे म्हणे, माय. आंग तापलं होतं तिचं, मले काय मालूम? माहे हात तिखटा-मिठानं भरले होते. म्हटलं, थांब बाई, डोळ्यात जाईन तुह्या. एवढ्या फोडी होऊ दे, मंग घेतो तुले. थांबली बिचारी. बाजूले चटईवर जाऊन निजली. मंग हगवण लागली, अन् दिवस बुडता बुडता गेली. मंग घेतली मी तिले. पण तवा तिले कोठी समजत होतं?" त्यांनी आपले दोन्ही तळवे उघडून पाहिले. "घे म्हणे, अन् मी घेतलंच नाई."

सासूबाईंना रडताना मी तोवर कधी पाहिलं नव्हतं. सासरे गेले तेव्हासुद्धा नाही. इतकी वर्षं मी त्यांच्या हट्टावर चिडत होते आणि तो हट्ट नव्हताच.

जाऊबाईंनी परात जमिनीवर ठेवली. त्यांचे हात मनगटापर्यंत हळदीमिठानं माखलेले होते. मी तांब्या घेऊन पुढे झाले, म्हटलं, "बाई, हात धुवून घ्या." त्यांनी ऐकलंच नाही. त्या पायरीवर बसल्या, तसल्याच भरल्या हातांनी सासूबाईंना जवळ ओढलं आणि त्यांचं डोकं आपल्या छातीशी धरलं.

"तुहे हात भरले हायेत व," सासूबाई रडता रडता म्हणाल्या.

"भरू द्या, माय," जाऊबाई म्हणाल्या, आणि त्यांनी सोडलं नाही.